पडद्यावरचा करपा

नशिराबादच्या कुंदा तायडेला 'कॉम्प्युटरवाली ताई' हे नाव फार उशिरा मिळालं. त्याआधी ती टायपिंगवाली होती, आणि त्याच्याही आधी नुसतीच रुक्माबाईची पोरगी. रुक्माबाई केळीच्या बागांत रोजानं जायची, बाप चिंधा रेल्वेच्या गँगमध्ये रुळांवर घण मारायचा. दोघांची मिळून एकच हौस, की पोरीनं सावलीत, खुर्चीवर बसून काम करावं. कुंदाला खुर्ची मिळाली. पण ती खुर्चीवर बसून राहिली असती, तर सांगण्यासारखं काही उरलंच नसतं.

आधी टायपिंगचा किस्सा सांगायला हवा. त्या काळी जळगावात टायपिंगच्या परीक्षेला पोरं आपापल्या क्लासचं मशीन सोबत घेऊन जायची. लोटगाडीवर, पोत्यात गुंडाळून, वरातीतल्या नवरीसारखं जपत. कारण सरळ होतं. प्रत्येक मशीनचा स्वभाव वेगळा. एकाचा रोलर डावीकडे ओढायचा, एकाची घंटी वाजायचीच नाही, एकावर अनुस्वार असा बसायचा की कागदाला भोक. ज्याच्या हाताला जे मशीन, त्याला तेच हवं. कुंदाचं मशीन नेमकं परीक्षेच्या सकाळी लोटगाडीवरून घसरलं आणि गटाराच्या कडेला तोंडावर पडलं. सरांना घाम फुटला. पोरी रडायला लागल्या, ज्यांची मशीनं धडधाकट होती त्यासुद्धा. पाचोऱ्याच्या एका क्लासकडे जास्तीचं मशीन होतं, त्यांनी ते देऊ केलं. कुंदा त्याच्यासमोर बसली. नव्या म्हशीच्या धारेला बसण्याआधी तिच्या पाठीवरून हात फिरवतात ना, तसा तिनं सगळ्या कळांवरून हात फिरवला, दोन ओळी मारून पाहिल्या आणि म्हणाली, "चालेल. जरा आखडू आहे, पण वाईट नाही."

पास झाली. आणि तेव्हापासून तिला खोड लागली. क्लासात रोज नव्या मशीनवर बसायचं. सर वैतागायचे, "एका जागी बस ना ग बाई!" तर ही म्हणायची, "सर, मला जिथं नोकरी लागेल तिथं तुमचंच मशीन असेल का?"

पुढं त्याच क्लासात कॉम्प्युटर आले. कुंदा शिकली, शिकवायला लागली, आणि एका सालात बसस्टँडमागच्या एका खोलीत स्वतःचा क्लास काढून बसली. क्लास चांगला चालला. पण एकोणीसशे नव्व्याण्णवच्या दिवाळीत खोलीच्या मालकानं सांगितलं, की मुलाला दुकान टाकायचंय, संक्रांतीपर्यंत जागा मोकळी करा. नाशिकला कुंदाचा भाऊ होता. त्यानं निरोप पाठवला, "ताई, इथं एका हापिसात जागा आहे, येऊन जा. किती दिवस पोराटोरांना शिकवणार?" कुंदाला नाशिक नको होतं. तिला जळगावातच, तिचा स्वतःचा क्लास हवा होता. पण खोलीशिवाय क्लास कसला?

अशात केळीवाल्या संघाचं काम तिच्याकडे आलं.

तापीकाठच्या केळी उत्पादकांचा एक संघ होता. त्याचे चेअरमन रतिलालभाऊ चौधरी पुण्याला एका लग्नाला गेले आणि तिथून एक शब्द घेऊन आले, वेबसाइट. संघाच्या बैठकीत त्यांनी तो असा मांडला, की ऐकणाऱ्यांना वाटावं भाऊंनी स्वतःच शोधून काढलाय. त्यांनी कुंदाला बोलावून घेतलं. वेबसाइट नीट उभी राहिली, तर संघाच्या जळगावातल्या इमारतीतली माडीवरची खोली आणि दोन नवे कॉम्प्युटर तिच्या ताब्यात. सकाळी संघाचं काम, दुपारनंतर तिचा क्लास. कुंदानं क्षणभरसुद्धा विचार केला नाही. "करते," म्हणाली.

बैठकीत सुपडूनाना पाटील बसले होते. सावद्याकडचे जुने बागाईतदार, पांढरं धोतर, आवाज मोटेवरच्या माणसासारखा. त्यांनी विचारलं, "पोरी, हे साइट म्हन्जे काय व्हय?"

"नाना, दुकानावर पाटी असते ना, तशी पाटी. फक्त ती दिल्लीत बसून वाचता येते."

"मंग पाटीवर घड कोनाचा लावशीन?"

अख्ख्या बैठकीला ठाऊक होतं की नानांना काय उत्तर हवंय. पंचक्रोशीत नानांच्या बागेसारखी बाग नव्हती. कुंदा त्यांच्या बागेत गेली, हिरवागार भरलेला घड, मागं मोठाली पानं, असा फोटो काढून आणला आणि पहिल्याच पानावर लावला. ही तीच बाग, जिथं रुक्माबाईनं अनेक वर्षं फुटवे काढले होते. पण त्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

कुंदाच्या खोलीत सगळी बैठक गोळा झाली आणि वेबसाइट पाहिली. वर झोकात मराठी अक्षरं, खाली घड. नानांनी पुढं होऊन काचेवरच्या घडाला हात लावला आणि बोटं हुंगून पाहिली. सगळे हसले, नानाही हसले. रतिलालभाऊ तर इतके खूष, की वेबसाइट फ्लॉपीवर घेऊन थेट धुळ्याला गेले, व्याह्यांना दाखवायला.

आता व्याही म्हटल्यावर भाऊंनी तिथं काय काय फुशारकी मारली असेल, हे वेगळं सांगायला नको. व्याह्यांच्या हापिसात कॉम्प्युटर होता. फ्लॉपी घातली, पान उघडलं. मराठी अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलर, चांदण्या आणि टिंबं यांचा सडा पसरलेला. आणि घड? घडावर पिवळट झाक, आणि मागच्या पानांवर तांबूस-काळे ठिपकेच ठिपके. व्याही वाकून पाहात म्हणाले, "व्याहीबुवा, बाग छान आहे. पण करपा आलेला दिसतो."

करपा म्हणजे केळीच्या पानावरचा रोग. पानं ठिपकतात, वाळतात, घड भरत नाही. केळीच्या मुलखात हा शब्द मोठ्यानं उच्चारत नाहीत. भाऊ एसटीनं जळगावला पोचायच्या आत हा शब्द फोननं सावद्याला पोचला होता. दुसऱ्या दिवशी नानांच्या बागेची कटाई ठरवायला येणारा व्यापारी आलाच नाही. 'पुढच्या आठवड्यात बघू,' एवढाच निरोप.

सकाळी कुंदा क्लास उघडत होती, तर पायरीवर दोघं उभे. रतिलालभाऊ लाल, सुपडूनाना काळेठिक्कर.

"माह्या बागेले करपा नही," नाना कडाडले. "माह्या बापाच्या बागेलेबी नव्हता. मंग तुह्या डब्यात हा करपा आला कोठून?"

कुंदानं दोघांना बसवलं, पाणी दिलं. "भाऊ, तुम्ही कोणत्या कॉम्प्युटरवर पाहिलं?"

भाऊंनी आठवून आठवून सांगितलं, "पांढऱ्या."

कुंदाला हसू आलं, पण तिनं ते पाण्याच्या तांब्यात लपवलं. भाऊंना ते दिसलं. ते म्हणाले, "हसू नको. प्रदर्शन तोंडावर आलंय. धुळ्याच्या शेतकी प्रदर्शनात दिल्ली-इंदूरचे व्यापारी येणार, संघाच्या स्टॉलवर ही साइट लावायचीय. तिथं घड हिरवा दिसला, तर खोली तुझी. नाही दिसला, तर मी काम पुण्याच्या कंपनीला देतो. मग तू आणि तुझं नाशिक."

"दिसेल," कुंदा म्हणाली. "फक्त मला फिरू द्या. माझ्या एका मशीनवर चांगलं दिसतं यावर मी फसले. आता जिथं जिथं कॉम्प्युटर सापडेल तिथं जाऊन पाहते."

"मीबी येतो," नाना म्हणाले. "घड माहा हाये. मी माह्या डोयानं पाहीन."

आणि अशी ती जोडी निघाली. पुढं एसटी स्टँडवर चहावाला विचारायचा, "आज कोणतं गाव, नाना?"

पहिलं गाव पाचोरा. तिथं कलाबाईंचं बियाण्यांचं दुकान, आणि हिशेबाला घेतलेला कॉम्प्युटर. कॉम्प्युटर काचेच्या खोलीत, वर भरतकामाचा रुमाल, बाहेर चपला काढायच्या. कुंदाची पद्धत अशी, की स्वतः मशीनला हात लावायचा नाही. मालकालाच पान उघडायला सांगायचं आणि आपण मागं उभं राहून गप पाहायचं. पाहुणा आपल्या घरात शिरला की कुठं अडखळतो, ते त्याच्या मागं उभं राहिल्यावरच कळतं. नानांना गप राहणं आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

कलाबाईंनी पान उघडलं. नाना ओरडले, "अरे देवा! आता लाल पडलं! घडावर लाल डाग पाह्य!"

कुंदानं वाकून पाहिलं. घडाच्या बरोब्बर मध्यावर लालभडक ठिपका. असला ठिपका तिनं कधी पाहिला नव्हता. तिनं पदराच्या टोकानं काच पुसली, ठिपका पदरावर आला.

"अगं बाई, ते लक्ष्मीपूजनाचं कुंकू!" कलाबाई म्हणाल्या. "दिवाळीत वह्यांची पूजा करतो तशी याचीही केली. मग पुसायचं कसं, देवाचं कुंकू?"

"आक्का, राहू द्या, फक्त कोपऱ्यात लावत जा," कुंदा म्हणाली. आणि तेव्हापासून कुठंही गेली की पहिलं काम काच पुसायचं. धूळ, तेलकट बोटं, उदबत्तीचा धूर, काय काय असायचं त्या काचांवर.

पण कुंकू पुसल्यावरही पानांवरचे ठिपके होतेच. कुंदानं कलाबाईंना विचारून मशीनच्या पोटात डोकावलं. मग नानांना समजावलं, "नाना, माझ्या मशीनला लाखो रंग दाखवता येतात, याला अडीचशेच. फोटोतला हिरवा याच्याकडे नाही. मग हे काय करतं, जवळपासचे चार रंग ठिपक्याठिपक्यांनी शेजारी मांडतं आणि काम भागवतं. आपल्याला तो करपा दिसतो."

नाना विचारात पडले. "म्हन्जे याच्यापाशी साखर नही, म्हनून यानं चहात गूळ घातला."

"तसंच."

"मंग याची साखर वाढव ना!"

"याची वाढवीन हो. दिल्लीच्या व्यापाऱ्याची कशी वाढवू? त्याच्या घरातली चूल मी जाऊन बदलू का?"

 परतताना एसटीत कुंदानं डबा उघडला, तेव्हा नानांनी विचारलं, "कळण्याची भाकर हाये का?" होती. ज्वारी-उडदाच्या पिठाची ती भाकर, सोबत रुक्माबाईनं ठेचाही दिला होता. नानांनी अर्धी भाकर घेतली, खाल्ली, बोटं चाटली आणि म्हणाले, "तुह्या मायच्या हाताले पहिल्यापासून चव. बागेत बाया तिच्याभवती बसत जेवाले." मग खिडकीबाहेर पाहात, हळूच, "मी कधी बसलो नही." कुंदानं उरलेली अर्धी भाकरही त्यांच्याकडे सरकवली.

दुसरं गाव शिरपूर. तिथं एका कॉलेजात मशीनांची खोली होती, आणि तिथं भटू नावाचा माणूस होता, खोलीचा राजाच म्हणा ना. त्यानं दारातूनच अहिराणीत हाक दिली, "या नाना, या! मशीनं बठ्ठी जुनी शेतस, पन चालतस!"

मशीनं सगळीच जुनी, पण चालती होती. पान उघडलं आणि भटूनं मान वाकडी केली. "हाई काय शे? आर्धाच घड दिखस!"

खरंच. तिथले पडदे लहान. कुंदानं पान मांडलं होतं मोठ्या पडद्याच्या मापानं. घडाचा डावा भाग दिसत होता, उजवा काचेच्या बाहेर गडप. भटूनं खालची पट्टी सरकवली तेव्हा उजवा भाग आला, पण डावा गेला.

"माहा घड कापला!" नानांनी कपाळाला हात लावला. "साबूत घड कोनी पाहूच शकत नही!"

भटू मोठा मिस्कील. म्हणाला, "नाना, आर्धा घड माले द्या, आर्धा तुमीन ठेवा."

शिरपूरला आणखी एक गोष्ट कळली. पान उघडायला जो ब्राउझर लागतो, तो काही मशीनांवर जहाजाच्या चाकाचं चित्र असलेला होता, काहींवर निळ्या 'ई'चा. नाना एकाला चाकवाला म्हणायचे, दुसऱ्याला ईवाला. चाकवाल्यात घडाखालच्या ओळी एकमेकींना चिकटून बसायच्या, ईवाल्यात सैलसर. कुंदानं भटूच्या खोलीतल्या सगळ्या मशीनांवर पान उघडून पाहिलं, तिथंच बसून मापं कमी केली, पुन्हा पाहिलं. दुपार उलटली तेव्हा लहान पडद्यावरही घड देठापासून शेवटच्या फणीपर्यंत अख्खा दिसायला लागला होता, आणि चाकवाला आणि ईवाला यांच्यात फरक उरला होता तो अगदी सख्ख्या भावांत असतो तेवढा.

मराठी अक्षरांवर तोड तिनं आधीच काढली होती. अक्षरांचा साचा, म्हणजे फॉन्ट, तिच्या मशीनवर होता, बाकीच्यांकडे नव्हता. म्हणून तिनं मराठी ओळींची चित्रंच करून टाकली. चित्र म्हटल्यावर साचा असो-नसो, जसं काढलं तसं दिसणार. राहिले फक्त ठिपके.

ठिपक्यांना एकच उपाय होता, आणि तो नानांना सांगायचा म्हणजे वाघाच्या तोंडात हात. जळगावला परत आल्यावर कुंदानं तो सांगितला. "नाना, पहिल्या पानावरचा फोटो काढून टाकायचा. त्याच्या जागी तुमच्याच घडाचं चित्र. मोजके रंग, सपाट, जे प्रत्येक मशीनकडे असतातच असे. मग कुणाला ठिपके मांडायची गरजच पडणार नाही."

"चित्र?" नाना उठून उभे राहिले. "माह्या घडाचं चित्र? चित्र काय, कोनीबी काढते! फोटो खरा असते!"

"तुमच्याकडे खरा आहे. धुळ्याला पोचेपर्यंत खोटा होतो, हे तुम्हीच पाहिलंत."

"रुक्माबाईची पोर, तू मले शिकवू नको."

"मला नाव आहे नाना. कुंदा."

 मग नाना धप्पकन बसले. पण गेले नाहीत. कुंदा चित्र काढायला लागली तसे मागून कुरकुरत राहिले. "वरची फणी मोठी कर. एवढी नही. देठ वाकडा हाये माह्या घडाचा, सरळ नको करू. हां. आता जरा भरल्यासारखा दिसते." चित्र झालं. तरी म्हणाले, "चांगलं हाये, पन माहं नही."

रतिलालभाऊंनाही चित्र पटलं नाही. त्यांच्या मते पुण्याच्या साइटवर फोटो असतात, तर आपल्यावर पण फोटोच हवा. कुंदानं वाद घातला नाही. पहिल्या पानावर चित्र ठेवलं आणि त्याच्याखाली एक ओळ: 'घडाचा फोटो पाहायचा असल्यास इथं दाबा.' ज्याच्याकडे चांगलं मशीन असेल तो आत जाईल. बाकीच्यांनी बाहेरूनच हिरवा घड पाहावा.

प्रदर्शनाच्या दिवशी धुळ्याच्या मैदानावर मांडव, भोंगे, ट्रॅक्टर, कांदाभजी, सगळं यथासांग. नव्या कॉम्प्युटरचं भाडं संघानं आगाऊ दिलं होतं. पण आदल्या रात्रीपर्यंत भाड्याचा कॉम्प्युटर आलाच नाही. रतिलालभाऊंनी रातोरात जळगावला जीप पळवली आणि संघाच्या अडगळीतून जुना हिशेबाचा कॉम्प्युटर उचलून आणला. पोत्यांखाली पडलेला. वर उंदरांनी घर केलेलं. कुंदानं पान सगळीकडे तपासलं होतं, फक्त या मशीनवर नव्हतं, कारण ते आहे हेच तिला कोणी सांगितलं नव्हतं.

तिनं झाकण पुसलं, काच पुसली, चालू केलं. मशीननं दम्याच्या म्हाताऱ्यासारखा श्वास घेतला आणि पडदा उजळला. कुंदानं मशीनच्या पोटात डोकावून पाहिलं. याच्याकडे अडीचशे रंगही नव्हते. फक्त सोळा.

"होईल ना ग?" भाऊंनी कुजबुजत विचारलं. मांडवात व्यापारी शिरायला लागले होते.

"होईल," कुंदा म्हणाली. चित्रातला हिरवा तिनं या सोळातलाच निवडला होता, मुद्दाम, सगळ्यांत गरीब मशीनसाठी. पण असलं मशीन तिनं प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. तिनं फ्लॉपी घातली, पान उघडायला दाबलं आणि यावेळी, आयुष्यात पहिल्यांदा, मागं उभी न राहता डोळे मिटले.

"माल हरा है," कुणीतरी म्हणालं.

तिनं डोळे उघडले. पडद्यावर हिरवा घड, देठ जरा वाकडा, वर मराठी ओळी जशाच्या तशा. इंदूरचा व्यापारी, जाड भिंगांचा चष्मा, अगदी काचेला नाक लावून पाहात होता. "बढ़िया है. साफ है. हमारे ऑफिस में भी ऐसी ही मशीन है, उस पर कुछ दिखता ही नहीं. आपका दिखता है."

रतिलालभाऊंची छाती फुगली. आणि फुगलेल्या छातीचा माणूस हमखास जे करतो, ते त्यांनी केलं. "शेठजी, ये तो चित्र है. असली फोटो देखो!" आणि कुंदा 'भाऊ, नको' म्हणायच्या आत त्यांनी दाबलं.

फोटो वरून खाली हळूहळू उतरला, आणि जसजसा उतरला तसतसा मांडवातला आवाज उतरत गेला. सोळा रंगांत नानांचा घड काळा, पिवळा, जांभळा. पानांवर तर ठिपक्यांचा पाऊस पडल्यासारखा.

"इसमें तो बीमारी है," चष्म्याचा व्यापारी म्हणाला.

सगळ्यांच्या माना सुपडूनानांकडे वळल्या. ज्या बागेचं नाव आठवडाभर फोनवर चघळलं जात होतं, ती आता सगळ्यांसमोर, काचेवर, ठिपक्याठिपक्यांची. नानांचा चेहरा पाहून कुंदाला वाटलं, आता ते तिचं नाव घेऊन ओरडणार.  फोटोची ओळ तिनंच ठेवली होती.

नाना पुढं आले. धोतराचा सोगा आवरला. "शेटजी, बीमारी घडाले नही, मशीनले हाये. ह्या मशीनपाशी रंगच नहीत. जे नही ते ठिपके ठिपके मांडून भागवते. मी पाचोऱ्याले पाह्यलं, शिरपूरले पाह्यलं. एक मशीन लाल दाखवते, एक आर्धा दाखवते. कोनाचा भरोसा नही." मग त्यांनी बोट उगारलं, थेट रतिलालभाऊंवर. "भाऊ, मागे घे ते. चित्र लाव. कुंदानं चित्र काहाले काढलं, हे आता कळलं का तुले? मलेबी आताच कळलं."

भाऊंनी घाईघाईनं मागं घेतलं. पुन्हा हिरवा घड.

व्यापाऱ्यानं चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा पाहिलं. मग नानांकडे वळला. "पाटीलसाब, चित्र भी झूठ, फोटो भी झूठ. बाग दिखाओगे?"

"आता चालता का?" नाना म्हणाले. "जीप उभी हाये."

मांडवात हशा पिकला. व्यापारी उठलाच. त्याच्यामागं आणखी दोघं उठले. रतिलालभाऊ घाम पुसत कुंदाजवळ आले. मोठा माणूस चूक कबूल करताना जेवढा ओशाळलेला दिसतो, तेवढे ते ओशाळलेले दिसत होते. "बरं," ते म्हणाले. "माडीवरची खोली उद्यापासून तुझी. दोन नवे कॉम्प्युटर सोमवारी आणतो. नाशिकला कळवून टाक."

"कळवते. पण भाऊ, हा जुना पण द्या."

"हा? हे भंगार? उद्या मोडीत घालणार होतो!"

"नका घालू. नव्यावर सगळंच चांगलं दिसतं. जे काही बनवेन ते आधी यावर उघडीन. यावर चांगलं दिसलं, तर मग कुठंही दिसेल."

भाऊंना काही कळलं नाही, पण त्यांनी मान हलवली. नाना जीपकडे निघालेच होते, ते परत आले. त्यांनी मशीनकडे पाहिलं, कुंदाकडे पाहिलं, आणि शेजारच्या स्टॉलवरून केळीच्या वाळल्या पानांचा भारा ओढला. घड ट्रकमध्ये रचताना खाली जसा थर देतात तसा त्यांनी जीपच्या मागल्या भागात जाडसर थर दिला, त्यावर मशीन उचलून ठेवलं, चारी बाजूंनी पानं कोंबली.

"शेटजी, तुमी पुढं बसा," नाना म्हणाले. "मांगे कुंदाताईचं सामान हाये."